मरून पोटाचा बगळा

"मेल्यांनी एक म्हणून शिल्लक ठेवला नाही."

विजयमालाबाई उंबऱ्यात बसून पुटपुटत होत्या. मांडीवर ताट, ताटात निवडायचे शेंगदाणे, आणि ताटाच्या काठाला टेकवून उभं केलेलं वाचनालयाचं पुस्तक. हातभर अंतरावर रुद्रप्पामास्तर आरशासमोर दाढी करत होते. बायको पुटपुटते ती नवऱ्यानं ऐकावं म्हणूनच, एवढी अक्कल त्यांना संसारात आली होती. पण ऐकू आलं असं दाखवलं की काम मागे लागतं, हीसुद्धा अक्कल आली होती. त्यांनी गाल फुगवला आणि वस्तरा चालू ठेवला.

"कोतवाल लिहून झाला. सुगरण झाली. वेडा राघू म्हणून एक आहे म्हणे, वेडा असून तोसुद्धा लिहून झाला. आता आपण नवीन काय शोधायचं?"

त्या 'आपण'पाशी वस्तरा अडखळला आणि मास्तरांच्या हनुवटीवर रक्ताचा थेंब आला.

झालं होतं ते एवढंच. वाचनालयात हवी ती कादंबरी दुसऱ्या कुणी नेली होती, म्हणून ग्रंथपालांनी बाईंच्या हातावर पक्ष्यांचं पुस्तक ठेवलं. प्रस्तावनेत लेखकानं एक निष्काळजी वाक्य लिहिलं होतं: आपल्या देशात अजून कित्येक पक्षी कुणाच्या नजरेस पडलेले नाहीत. लेखक मंडळी अशी वाक्यं लिहून मोकळी होतात. ती वाचून भवानी पेठेतल्या एका घरात काय होईल, याचा विचार कुणी करत नाही.

बाईंचा बेत पक्का होता. उन्हाळाभर दर रविवारी दिवसाची सहल काढायची, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. उन्हाळाच का? तर पाणी आटलं की पक्षी उरलेल्या पाण्यावर गोळा होतात, म्हणजे आपल्याला हिंडावं लागत नाही. या युक्तिवादात खोट काढायला जागा नव्हती. एवढंच की, सोलापूरच्या मे महिन्यात आपणही आटतो, हे बाईंनी हिशेबात धरलं नव्हतं.

"तुम्ही पण यायचं. एकटी बाईमाणूस माळावर दुर्बीण लावून उभी राहिले तर लोक काय म्हणतील?"

दोघं उभी राहिली तर लोक काय म्हणतील, हे मास्तरांना विचारायचं होतं. पण हनुवटीला तुरटी लावली होती आणि तोंड उघडलं की झोंबत होतं.

मास्तर म्हणजे शाळेचे मास्तर नव्हेत. सोमलिंगशेठच्या रंगखान्यातले रंगमास्तर. सुताच्या लडी दांडीला अडकवायच्या, रंगाच्या हौदात बुडवायच्या, वर काढायच्या, पुन्हा बुडवायच्या. किती बुडवायच्या आणि कधी थांबायचं, हे ज्याला कळतं तो मास्तर. त्यांचा मरून रंग पेठेत नावाजलेला होता. चादर फाटेल पण रंग जाणार नाही, असं व्यापारी म्हणायचे. घरात मात्र या रंगाबद्दल कुणी कधी ब्र काढला नव्हता. घरात म्हणायचे, "पाय धुऊन आत या."

शेजारपाजारी सल्ला फुकट मिळतो, तो मिळाला. समोरच्या रत्नम्मा ओट्यावर रहाटाला बसून सुताच्या कांड्या भरायच्या. त्यांचा हात थांबत नसे आणि तोंडही.

"अक्का, पक्षी बघायला गावाबाहेर कशाला जायचं ओ? आमच्या माळ्यावर कबुतरं हायत की. हाकलून हाकलून माझा हात दुखायलाय. घेऊन जावा सगळी."

"नवीन पाहिजे, रत्नम्मा. कुणी न बघितलेला."

"कुणी बघितला न्हाय म्हंजे त्येच्यात बघण्यासारखं काही नसंल," रत्नम्मा म्हणाल्या आणि नवी कांडी लावली.

मास्तरांना हे फार पटलं. पण शेजारणीचं बोलणं नवऱ्याला पटलं की बायकोला पटत नाही, हा नियम असल्यामुळे त्यांनी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

दुर्बीण गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका पेन्शनर सुभेदारांकडून मिळाली. तिची उजवी नळी कुठल्याशा लढाईत निकामी झाली होती. डाव्यातून दिसायचं ते चांगलं दिसायचं, पण उजवा डोळा मिटावा लागे, आणि विजयमालाबाईंना एकच डोळा मिटणं जन्मात जमलं नव्हतं. त्यामुळे मास्तरांनी मागे उभं राहून त्यांच्या उजव्या डोळ्यावर हात धरायचा, असं ठरलं. भर माळावर, टांगेवाल्यादेखत.

पहिला रविवार हिप्परग्याच्या तळ्यावर उगवला. इमामसाबचा टांगा, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, डोक्यावर ऊन. बाईंनी दुर्बीण लावली, मास्तरांनी डोळा झाकला, आणि तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. खाकी सदऱ्यातला एक चौकीदार हातवारे करत आला.

"ओ, दुर्बीण खाली! तलावाकडं दुर्बीण लावायची न्हाय. आर्डर हाय."

"आम्ही पक्षी बघतोय," बाई म्हणाल्या.

"पक्षी बसल्यात कशावर? बांधावर. बांध कुणाचा? सरकारचा. परवानगी आना."

आणीबाणी नुकतीच उठली होती, पण चौकीदारापर्यंत ती उठल्याचं कुणी कळवलं नसावं. मास्तर लगेच टांग्याकडे वळले. त्यांना वाटलं, सुटलो. पण सोमवारी मास्तरांनी अर्धी रजा टाकून परवानगी आणावी, असं घरात ठरलं. कचेरीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"कोणता पक्षी बघणार, ते लिहिलं नाही तुम्ही."

"नवीन," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले.

"नाव काय त्याचं?"

"नाव नाहीय अजून. म्हणून तर बघायचाय."

"मग नाव पडल्यावर या. बिननावाच्या पक्ष्याला परवानगी देता येत नाही." कारकून बराच विचार करून पुढे म्हणाला, "आणि नाव असलेला बघायचा असेल तर परवानगी कशाला लागते?"

मास्तर खाली मान घालून जिना उतरले. रंगखान्यात त्यांच्या एका शब्दावर हौद भरत आणि रिकामे होत. इथं त्यांना चिमणीएवढी किंमत नव्हती, कारण चिमणीला निदान नाव होतं.

ही हकिगत ऐकून इमामसाबनं उपाय सुचवला. सुचवला नसता तर बरं झालं असतं.

"भाभी, तलाव का क्या लेके बैठे? पीरसाब के माळ के नीचे एक डबका है. ओढ्याचं पानी येतंय. कितीबी धूप पडू दे, सूखताच नै. सब बगळे उधरीच."

सगळ्या विहिरी-तळी कोरडी पडलेली असताना ते डबकं का आटत नाही, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ओढा पेठेमागून जात होता, आणि पेठेतल्या रंगखान्यांचं, त्यात मुख्य सोमलिंगशेठच्या रंगखान्याचं, पाणी बिनबोभाट ओढ्यात जात होतं. म्युनिसिपालटीचा हुकूम असा की रंगाचं पाणी खड्ड्यात मुरवायचं, बाहेर थेंब सोडायचा नाही. सोमलिंगशेठनी सही करून दिलं होतं की थेंब सोडत नाही. हुकमाप्रमाणे खड्डाही खणला होता. त्यात त्यांची म्हैस बसायची.

"तिथं काही नसतं," मास्तर म्हणाले. "घाण असती."

"घाणीत किडे असतात, आणि किड्यांवर पक्षी. पुस्तकात आहे," बाई म्हणाल्या.

आणि दुसऱ्या रविवारी तो दिसला.

डबक्याच्या कडेला बगळ्यांचा थवा उभा होता. सगळे पांढरे. त्यांच्यात एक जण मान वर करून, शेठजींसारखा, मध्यभागी. मान पांढरी, पाठ पांढरी आणि कमरेपासून खाली गडद मरून. दोरी धरून आखावी तशी सरळ रेघ. कुणीतरी त्याला मानगुटीला धरून हौदात बुडवून काढलाय असा.

मास्तरांच्या डोळ्यांनी त्यांच्या परवानगीशिवाय आपलं काम सुरू केलं. रंग सारखा बसलाय. पोटाखाली जरा फिका पडलाय, म्हणजे एक बुडी कमी झाली. पण उन्हात उडालेला नाही. पक्का. गेल्या आठवड्यातला लॉट. त्यांना क्षणभर अभिमानच वाटला, आणि लगेच त्या अभिमानाची लाज वाटली.

"अहो!" बाईंनी दुर्बीण घट्ट धरली. "पुस्तकात हा नाही. मी पानन्‌पान बघितलंय, हा नाही! काय रंग आहे हो! देवानं किती निवांत बसून केला असंल. माणसाच्या हातनं व्हायचा नाही असा रंग."

मास्तरांचा हात तिच्या डोळ्यावरून खाली आला. आयुष्य त्यांनी हौदावर वाकून काढलं, कोपरापर्यंतचे हात रंगात घातले, आणि आज पहिल्यांदा या बाईनं त्यांच्या रंगाला चांगलं म्हटलं, तर श्रेय देवाला! देवानं कधी लडी पिळली होती का? पण सांगायचं कसं? सांगितलं तर तिचा पक्षी गेला. तो गेला तर चेहऱ्यावरचं हे आत्ताचं जे काही होतं, जे मास्तरांनी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं, तेही गेलं. आणि बोभाटा झाला तर रंगखान्याला कुलूप. मास्तरांनी पुन्हा हात उचलला आणि तिचा डोळा झाकला.

संध्याकाळपर्यंत पेठेला कळलं. रत्नम्मा रहाटावर मरून सूत भरत होत्या. विजयमालाबाईंनी त्यांना वर्णन सांगितलं. रत्नम्मांनी सुताकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, आणि त्यांचा हात थांबला. रहाट थांबलेला पेठेनं पहिल्यांदाच पाहिला.

"अय्यो," एवढंच त्या म्हणाल्या. मग घाईनं, "छान झालं की, अक्का. देवाची करणी."

दुसऱ्या दिवशी सोमलिंगशेठनी मास्तरांना गादीजवळ बोलावून घेतलं.

"मास्तर, वैनी काय करायल्यात? पेठेत बोलणं उठलंय की ओ. उद्या पेपरात आलं, साहेब लोक बघायला आले, तर? मी सही करून बसलोय."

"मी काय करू, शेठ?"

"सांगा की वैनींना."

"तुम्हीच सांगा की."

शेठ बिचकले. "मी? बायकांच्या गोष्टीत मी कशाला? आणि मी सांगितलं म्हणजे मी कबूल केल्यासारखं होतंय."

म्हणजे प्रकार असा झाला की सांगायचं सगळ्यांना होतं आणि सांगायचं कुणालाच नव्हतं. इमामसाब म्हणाला, "मास्टर, मैं टांगेवाला आदमी, मेरेकू क्या? पर बोलना तो तुमकूच पडेगा." रत्नम्मा म्हणाल्या, "नवरा कशाला असतो मग?" मास्तरांना आजवर या प्रश्नाचं उत्तर सापडलं नव्हतं, आणि या वयात सापडेल असं वाटत नव्हतं.

त्या आठवड्यात दुधनीच्या एका व्यापाऱ्याची हिरव्या सुताची मागणी होती. रविवारी डबक्यावर हिरव्या पोटाचा बगळा उभा.

"मादी!" विजयमालाबाई आनंदानं म्हणाल्या. "नर मरून, मादी हिरवी. काय जोडा शोभतोय!"

त्याच्या पुढच्या आठवड्यात पिवळा रंग होता. मास्तरांनी तो टाळायचा फार प्रयत्न केला, पण शेठ म्हणाले, गिऱ्हाईक थांबत नाही. रविवारी पिवळा.

"पिल्लू," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अहो, पिल्लू झालं त्यांना."

मास्तर उन्हात, घामाघूम, एका हातात दुर्बिणीचं टोक आणि दुसरा हात बायकोच्या डोळ्यावर, अशा अवस्थेत एका बगळ्याच्या संसाराचं कौतुक ऐकत उभे होते. घरी जाताना तर त्यांच्या तोंडून निसटून गेलं, "पुढच्या रविवारी निळा दिसंल."

बाईंनी चमकून बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"आपलं... वाटलं."

"बघा, तुम्हालासुद्धा आता पक्ष्यांचं कळायला लागलं," बाई म्हणाल्या आणि डब्यातली उरलेली भाकरी मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. मास्तरांनी ती न खाता खिशात ठेवली.

शेवटी त्यांनी शेठच्या हातापाया पडून निळा पुढं ढकलला आणि एक आठवडा नुसतं सूत पांढरं करायचं, म्हणजे ब्लीचिंगचं काम घेतलं. रंगच नाही तर पक्षी कुठून येणार? पण ब्लीचिंगचं पाणी बगळ्यांच्या जुन्या रंगावर पडलं आणि मरून बगळा ठिकठिकाणी फिका, ठिकठिकाणी गडद, असा खरूज झाल्यासारखा दिसायला लागला.

"पिसं झडायचा मोसम आहे," बाई समजुतीनं म्हणाल्या. "पुस्तकात आहे."

त्या पुस्तकाच्या लेखकाला मास्तर मनातल्या मनात जे म्हणाले, ते इथं लिहिता येत नाही.

मग त्यांना सुटकेची वाट सुचली. आपण सांगू शकत नाही, शेठ सांगत नाही, शेजारी सांगत नाहीत. मग शिकलेल्या माणसानं सांगावं. शास्त्र म्हणून सांगितलं तर कुणाचा अपमान होत नाही. शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे हत्तुरे सर होते. मास्तर त्यांच्या घरी जाऊन बसले, चहा घेतला आणि येत्या रविवारी डबक्यावर यायचं आमंत्रण दिलं. सर बघतील, हसतील, रंग लागलाय म्हणतील, आणि विषय संपेल.

विजयमालाबाईंना हे सांगितलं तेव्हा मास्तरांना वाटलं, त्या हरखून जातील. त्या लाटणं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"कशाला बोलावलं हो त्यांना?"

"तुझ्यासाठीच की. तुझं नाव होईल."

"मला नाव कुठं पाहिजे होतं," त्या म्हणाल्या आणि पोळी उलटायची विसरल्या. पोळी करपली. मास्तरांनी ती तशीच खाल्ली. बाईमाणूस, मोठ्या माणसापुढं जायला घाबरली असेल, असं त्यांनी ठरवलं. बायकांच्या मनातलं आपल्याला कळतं, असा मास्तरांचा फार दिवसांचा समज होता.

त्या आठवड्यात शेठकडे पुन्हा मरून सुताची मोठी मागणी आली. रविवारी डबक्यावर जत्राच भरली. हत्तुरे सर खाकी हाफपँट घालून, खांद्याला छऱ्याची बंदूक अडकवून आले होते. शेठ 'सहज इकडून चाललो होतो' म्हणून स्कूटरवरून आले. त्या बाजूला चालायला रस्ताच नव्हता. रत्नम्मा टांग्यात बसून आल्या, कारण सगळी पेठ बघायला आलेली असताना आपण कांड्या भरत बसणं त्यांना बरं दिसेना.

बगळा उभा होता. ताजा, गडद, उन्हात रेशमासारखा चमकत. इतका सुरेख रंग मास्तरांच्या हातून आजवर उतरला नव्हता.

सरांनी बराच वेळ बघितलं. दुर्बिणीचा उजवा डोळा चालत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यामुळे त्यांनी डोकं हलवत, मान वाकडी करत बघितलं.

"उन्हाळ्यात गायबगळ्याच्या डोक्यावर केशरी रंग येतो," ते हळूच म्हणाले. "पण हे डोकं पांढरं आहे. आणि पोट..." त्यांचा आवाज बदलला. चाळीशी उलटलेल्या, वर्षानुवर्षं मुलांना तोच बेडूक फाडून दाखवणाऱ्या माणसाच्या आवाजात एकदम काहीतरी जागं झालं. मास्तरांनी ते ओळखलं.

"इथं जवळपास रंगखाना वगैरे आहे का?" सरांनी विचारलं.

"रंगखाना?" शेठ म्हणाले, जणू हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. "छे छे! आणि असला तरी पानी खड्ड्यात मुरवत्यात. हुकूमच हाय."

रत्नम्मांनी मरून बोटं पदराखाली लपवली. इमामसाब घोड्याच्या लगामाची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला. सरांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर मान खाली घालून आपल्या चपलेकडे बघत होते, आणि चपलेवरही मरून डाग होता, म्हणून त्यांनी नजर तिथूनही काढून घेतली.

"नाही ना?" सर म्हणाले. "मग प्रश्नच मिटला. वहिनी, अभिनंदन! नवीन जात म्हणून नोंद करायची तर नुसतं बघून चालत नाही, नमुना लागतो. पेंढा भरून मुंबईला पाठवू. नावात तुमचं नाव घालायला सांगतो मी, काळजी करू नका."

आणि त्यांनी बंदूक खांद्यावरून काढली.

मास्तरांना वाटलं, आता बोललं पाहिजे. तोंड उघडलं. शेठचा श्वास मानेवर लागला. पगार, कुलूप, पेठेतल्या सगळ्या चुली, बायकोचा तो चेहरा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि त्यांनी तोंड मिटलं. सर गुडघ्यावर बसले. एक डोळा मिटला. त्यांना मिटता येत होता. बगळा निवांत उभा होता. एक पाय उचलून त्यानं पोट खाजवलं.

विजयमालाबाईंनी पदर खोचला. चपला काढल्या नाहीत, लुगडं वर धरलं नाही, तशाच चिखलात उतरल्या आणि सरांच्या बंदुकीची नळी हातानं खाली दाबली.

"सर, ठेवा ती."

"अहो वहिनी, एवढी दुर्मीळ जात..."

"कसली जात? साधा बगळा आहे. पेठेतलं पाणी ओढ्यात येतं, ओढ्यातलं इथं, आणि हा त्यात अंघोळ करतो. हितं उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे." त्या मागे वळल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं. "हा रंग आमच्या ह्यांच्या हातचा आहे; दिसला त्याच दिवशी ओळखला मी, पण बोलले असते तर आमचे रविवार संपले असते. इतकी वर्षं ह्यांचे सदरे मीच धुते की ओ, मला ओळखू येत नाही होय?"